आधी भरती-ओहोटी, मग हॉटेल

आजचा अख्खा दिवस समुद्रकाठच्या शहराच्या सहलीचा बेत आखण्यात गेला. घरातल्या प्रत्येकाची यादी वेगळी, आणि प्रत्येकाला सगळंच बघायचंय! शेवटी याद्या बाजूला सारून भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे शुक्रवारी सकाळी १० ला ओहोटी असेल, तर रविवारी ती ११.४० च्या सुमारास. खडकांमधल्या डबक्यांतले खेकडे, शंख, समुद्रफुलं बघायची तर हीच वेळ साधायला हवी. त्यात आमच्या तारखा पौर्णिमेला लागून. तेव्हा भरतीला उधाण, आणि ओहोटीला पाणीही नेहमीपेक्षा लांब हटतं. (पोरं खूश, आईच्या कपाळाला आठ्या.)

बाकीचं पटापट ठरलं. भर उन्हात संग्रहालय, उन्हं उतरल्यावर किल्ला. समुद्रात बुडणारा सूर्य बघायचा हट्ट मात्र ताईला सोडावा लागला, कारण तो किनारा पूर्वेकडचा! आता सूर्योदयासाठी पहाटे सगळ्यांना उठवायचं कोणी, यावरून ग्रुपवर जुंपली आहे.