माझं पहिलं विमान: टेबलापासून अकराव्या बॅटरीपर्यंत

११ जानेवारी

फोमचे कण घरभर झालेत. काल ताकात एक सापडला. बायकोनं तो चमच्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि काहीच बोलली नाही. बोलली असती तर परवडलं असतं.

काय बांधतोय ते आधी सांगतो. रिमोटवर उडणारं, पंख धडाच्या वर असलेलं, चार चॅनलचं (चार वेगळे हुकूम घेणारं) शिकाऊ विमान. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२०० मिमी, रुंदी सगळीकडे २०० मिमी. मोटर ए२२१२, १००० केव्हीची (म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे). मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी, पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे ९ ग्रॅमचे चार सर्वो, तीन सेलची २२०० एमएएच लिपो बॅटरी, १० बाय ४.५ इंची प्रोपेलर. रिमोट फ्लायस्काय एफएस-आय६. यात नवं काहीच नाही, आणि म्हणूनच हा संच घेतला. अडलो तर विचारायला माणसं मिळतात आणि मोडलं तर सुटे भाग मिळतात. तयार विमान घ्यायचा मोह झाला होता. पण पहिलं विमान पडणारच, आणि स्वतः कापून चिकटवलेलं असलं की कुठला तुकडा कुठे होता हे तरी माहीत असतं.

पहिली चूक दुकानातच झाली. फ्लेक्स छापणाऱ्याकडे फोमबोर्ड मागितला, त्यानं सनबोर्ड दिला. मलाही फरक कळला नाही. दोन्ही पांढरे, दोन्ही ५ मिमी. घरी आख्खं धड कापून झाल्यावर काट्यावर ठेवलं तेव्हा डोळे उघडले. सनबोर्ड पीव्हीसीचा असतो, पाट्यांसाठी उत्तम, उडवण्यासाठी दगड. आपल्याला हवा तो दोन्ही बाजूंना कागद असलेला, शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा. सनबोर्डच्या धडाची आता बाल्कनीत कुंड्यांखाली फळी झाली आहे.

२५ जानेवारी

पंख झाला. पोटात ६ मिमीची कार्बन नळी घातली आहे. पंखाच्या टोकांना उघडा थर्माकोल लावायचा होता, तिथं झटपट चिकटवणारा गोंद टाकला आणि बघता बघता खळगा पडला. तो गोंद थर्माकोल खातो. हे वाचलं होतं, तरीही टाकला. बाकी सगळीकडे हॉट ग्लू वापरला, कारण पटकन होतं. (हा हॉट ग्लू लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.)

सर्वोचे हात बसवताना दुसरा शहाणपणा केला. सर्वो आधी चालू करून मधोमध आणायचा आणि मग हात लावायचा. मी हात लावून, स्क्रू घट्ट करून, दांडा जोडून मग चालू केला. एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) थेट वर बघत होता. चारही परत उघडले.

१ फेब्रुवारी

आज वायरिंग. प्रोपेलर न लावता. हे इतक्या जणांनी सांगितलं होतं की कंटाळा आला होता, पण बॅटरी जोडलेली असताना बाहीला लागून थ्रॉटलची (मोटरच्या वेगाची) काडी वर गेली आणि मोटर जी फिरली, त्यानंतर कंटाळा गेला. मोटर उलटी फिरत होती. तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते. विमानातल्या रिसीव्हरच्या दोन अँटेना एकमेकींना काटकोनात चिकटवल्या. फेलसेफही लावला: रिमोट बंद केला की थ्रॉटल शून्यावर यायला हवा, आणि येतो.

एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, विमान झुकवणाऱ्या) मात्र उलटे होते आणि ते मला दोन तास कळलं नाही, कारण मी विमानाच्या नाकासमोर उभा राहून तपासत होतो. शेपटीमागे उभं राहायचं. काडी उजवीकडे, तर उजवा एलरॉन वर. नाकासमोर उभं राहून मी सगळं ‘दुरुस्त’ करत बसलो आणि बरोबर असलेला रडरही (शेपटीची उभी पट्टी) उलटा करून ठेवला.

८ फेब्रुवारी

वजन १०४० ग्रॅम. ठरवलं होतं ९००. जास्तीचं सगळं गोंदात गेलं आहे, दुसरीकडे जायला जागाच नाही. पंखाचं क्षेत्रफळ २४ चौरस डेसिमीटर, म्हणजे दर चौरस डेसिमीटरला ४३ ग्रॅम. शिकाऊ विमानाला जरा जड. उडेल, पण सावकाश उडणार नाही, उतरताना पळत येईल.

तोल बघितला. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांवर हवा. माझ्या पंखाला ५४ मिमीवर खूण केली. दोन बोटांवर उचललं तर विमान शेपटीवर बसलं, तोल ७८ वर! बॅटरी नाकात जाईल तेवढी पुढे ढकलली, तरी भागेना. शेवटी टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची चिकट वजनं आणली. पाच-पाच ग्रॅमच्या पट्ट्या, मागे गोंद, पाहिजे तेवढ्या तोडून लावायच्या. यापेक्षा सोयीची वस्तू या छंदासाठी कुणी मुद्दाम बनवली नसती.

१५ फेब्रुवारी

उडालं. नऊ सेकंद.

मोकळी जागा म्हणून सांगली जिल्ह्यातल्या ढालगावच्या बाजूचा माळ निवडला. झाड नाही, वीजतारा नाहीत, माणूस नाही. पवनचक्क्या आहेत. आता ज्या माळावर लोकांनी वारा बघून पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथं शिकाऊ विमान घेऊन जाणारा शहाणा मीच. सकाळचे साडेनऊ, पाती झोकात फिरत होती आणि मी त्यांचा फोटोही काढला.

भाच्यानं वाऱ्याच्या तोंडावर फेकलं. थ्रॉटल पूर्ण होता. विमान वर गेलं, मला आनंद झाला, आनंदात एलिव्हेटर अजून ओढला. नाक आकाशाकडे, वेग संपला, डावा पंख पडला. मी उजवीकडे एलरॉन दिला, त्यानं ते आणखीच डावीकडे वळलं. स्टॉल झालेल्या, म्हणजे उचल गमावलेल्या पंखावर एलरॉन असा उलटतो. तेव्हा फक्त आवाज ऐकला. प्रोपेलर तुकडे, नाक दबलेलं, पंख मात्र शाबूत.

मेंढ्या घेऊन एक आजोबा उभे होते. “पाव्हणं,” ते म्हणाले, “पतंग बरा की. सुतळी तरी ऱ्हाती हातात.”

२२ फेब्रुवारी ते ८ मार्च

नाक नवं केलं. बाकी सगळा वेळ सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर उडवायचा सराव. त्यातलं पिकासिम फुकट आहे, रिमोटच्या मागच्या सॉकेटला केबल लावून संगणकाशी जोडता येतो. रोज अर्धा तास. पहिले चार दिवस विमान माझ्याकडे तोंड करून आलं की पडायचं, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. त्यावर एक युक्ती मिळाली आणि तिनं काम झालं: समोरून येताना जो पंख खाली झुकलाय, काडी त्याच बाजूला ढकलायची, जणू खाली टेकू देतोय. डोक्यात उलटसुलट करत बसायचं नाही.

दरम्यान आमच्या भागातले एक मुरलेले उडवणारे भेटले. त्यांना सगळे मामाच म्हणतात. त्यांनी विमान हातात घेतलं, एलिव्हेटर हलवून बघितला आणि विचारलं, “हे काय, पंखा आहे का?” माझा एलिव्हेटर वर-खाली २० मिमी हलत होता. त्यांनी तो ११ वर आणला, एक्स्पो (काडी मधाजवळ असताना हालचाल सौम्य करणारी रिमोटमधली सोय) ३० टक्के टाकला. मोटर थोडी खाली आणि थोडी उजवीकडे तिरकी केली, मागे वॉशर घालून. माझी मोटर नाकाच्या सरळ रेषेत होती. मी ती अगदी गुण्या लावून बसवली होती.

१५ मार्च

जतच्या वाटेवरचा दुसरा माळ, कुसळाचं गवत, सकाळी पावणेसात. डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारी नकाशावर तो हिरव्या पट्ट्यात आहे, म्हणजे ४०० फुटांपर्यंत मोकळीक. आपल्याला तेवढं लागतही नाही, शंभर फुटांपलीकडे मला विमान कुठल्या बाजूला चाललंय तेच दिसत नाही.

मामांनी उडवून ट्रिम केलं, म्हणजे काड्या सोडल्या तरी सरळ चालेल असं जुळवलं, उंचावर नेलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. विमान सरळ चाललं होतं. माझे अंगठे सरळ बसेनात. काही बिघडलं नसताना मी दुरुस्त्या करत होतो आणि त्या दुरुस्त्यांमुळे विमान डुलत होतं.

“काय करतोयस?”

“काही नाही मामा.”

“मग तेच कर.”

दोन्ही काड्या सोडल्या. डुलणं तीन-चार सेकंदांत आपोआप थांबलं. पंखांना जो वर वाकलेला कोन दिलाय तो याचसाठी. मी तो पुठ्ठ्याच्या साच्यावरून मोजून दिला होता, कशासाठी ते त्या सकाळी बघितलं. वळण म्हणजे काडी दाबून धरणं नाही, टिचकी द्यायची, विमान झुकलं की काडी मधे, मग एलिव्हेटर जरासा, आणि वळणातून बाहेर यायला उलटी टिचकी. त्या सकाळी चार बॅटऱ्या, म्हणजे चार उड्डाणं, संपवल्या. टायमर सहा मिनिटांचा.

२२ मार्च

हॉट ग्लू परत आला. पहिली बॅटरी झकास. मग चहाला गेलो, विमान गाडीत, गाडी उन्हात. अर्ध्या तासानं उचललं तर मोटरची फळी हाताला डुलत होती, गोंद मऊ पडला होता. सांगलीच्या मार्चमध्ये बंद गाडीच्या आत काय होतं ते डॅशबोर्डवरच्या गणपतीला माहीत. फळी इपॉक्सीनं बसवली, आणि नाकाजवळचे सगळे सांधे पण.

२९ मार्च

अकरावी बॅटरी. आज मामा नव्हते, भाचा होता. फेकलं, चढवलं, चार फेऱ्या आणि उतरवलं. थ्रॉटल कमी केला, नाक खाली ठेवलं, शेवटच्या मीटरभरात एलिव्हेटर हलकेच ओढला. पोटावर घसरत माझ्यापासून तीसेक पावलांवर थांबलं. काढायला गेलो तर कुसळं फोममध्ये उभी रोवलेली, अर्धा तास चिमट्यानं उपटत बसलो. सेलला ३.७८ व्होल्ट शिल्लक, म्हणजे टायमर बरोबर आहे.

मेंढ्यांवाले आजोबा या माळावर कसे आले कोण जाणे. चारही फेऱ्या त्यांनी बघितल्या. “आवं, ह्ये दर टायमाला डावीकडंच का वळतंय?”

उत्तर विमानात नव्हतं. उजवीकडे मी वळवलंच नव्हतं, मामा नसताना एकदाही. बॅटरी आता वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत २.२ अँपिअरवर चार्ज होते आहे. पुढच्या रविवारी पहिल्या दोन बॅटऱ्या फक्त उजवी वळणं, आणि जास्तीचे दोन प्रोपेलर सोबत.