शी दाकाय

आज दुपारभर चीनच्या ताइपिंग बंडाबद्दल (एकोणिसाव्या शतकात एका धार्मिक पंथाने चिंग राजघराण्याविरुद्ध केलेला उठाव) वाचत होते आणि शी दाकायपाशीच अडकले. विशीत हा पोरगा बंडाचा सेनापती आणि 'राजा' झाला होता. १८५५ मध्ये त्याने हूकौला चिंगांचं आरमार असं फोडलं की त्यांच्या सेनापतीने जीव द्यायला पाण्यात उडी घेतली! पुढच्याच वर्षी नानजिंगमध्ये स्वतःच्याच बाजूच्या लोकांनी त्याच्या घरच्यांची कत्तल केली. तरी तो लढत राहिला.

१८६३ मध्ये दादू नदीला पूर आला, फौज कोंडली गेली, अन्न संपलं. माझ्या माणसांना सोडा, म्हणत तो शत्रूच्या छावणीत गेला. चेंगदू शहरात त्याचे हालहाल करून मारलं. शरण आलेले सुमारे २००० सैनिकही कापले. ते वाचल्यापासून जेवण गेलेलं नाही. धर्मवेडा म्हणून त्याला मोडीत काढणं मला पटत नाही.