तुम्ही विचारलंत म्हणून: प्रागची ती शीट मी का पाठवत नाही

"प्रागला दोन दिवस पुरतात का गं? आणि तुझी ती एक्सेल शीट पाठव ना."

गेली पाचेक वर्षं हे दोन प्रश्न मला जोडीनेच येतात. मी जर्मनीत ड्रेस्डेनला राहते, इथून प्राग रेल्वेने अडीच तासाच्या आत, त्यामुळे पुण्याहून, नाशिकहून, म्युनिकहून जो कुणी इकडे यायचा बेत करतो तो मला मेसेज करतोच. प्रागच्या दोन दिवसांच्या वेळापत्रकाची ती शीट मी बनवलेली हेही सगळ्यांना माहीत आहे, कारण एकदा मीच ती ग्रुपवर टाकली होती आणि मग ती फिरत राहिली. आता मी ती पाठवत नाही. लोकांना वाटतं मी भाव खाते. एक मैत्रीण तर तोंडावर म्हणाली की एवढं काय त्यात, कुणाचं भलं होत असेल तर होऊ दे. तिला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज सगळं लिहिते, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर हेच पाठवेन.

आधी दोन दिवसांचं, कारण ते सोपं आहे. पुरतात. नदीच्या एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला किल्ला, एक दिवस ह्या काठाला आणि एक त्या काठाला. चार्ल्स ब्रिजवर सकाळी आठच्या आत जा, नाहीतर तुम्हाला पूल दिसणारच नाही, फक्त माणसांच्या पाठी दिसतील. किल्ल्यावर चढत जाऊ नका, बावीस नंबरच्या ट्रामने वर जा आणि उतरताना चाला, आणि ट्रामचं कागदी तिकीट घेतलंत तर ते मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या. पैसे युरो नाहीत, कोरुना आहेत. रस्ते सगळे दगडी, गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर चांगले बूट घाला आणि वेळ दुप्पट धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शनिवार-रविवार जाऊ नका. शनिवारी ज्यू वस्तीतली सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, आणि ती जुनी दफनभूमी बंद असते, आणि रविवारी सकाळी सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी बारानंतरच आत सोडतात. म्हणजे वीकेंडला गेलात तर दोन्ही काठांचा एकेक मोठा तुकडा हातातून जातो. हे मला कसं कळलं तेच आता सांगते.

माझी आत्या. पुण्यात एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवलं तिने. लग्न केलं नाही, आमच्याच वाड्यात मागच्या दोन खोल्यांत राहिली, आणि सुट्टी लागली की भांडारकर संशोधन संस्थेत जाऊन बसायची, कुणी बोलावलेलं नसायचं, कसली डिग्रीही घ्यायची नव्हती. महाभारताची चिकित्सक आवृत्ती. तिच्या तोंडून हे दोन शब्द मी इतक्या लहानपणापासून ऐकलेत की मला तेव्हा वाटायचं ही आमच्या नात्यातली कुणीतरी बाई आहे. १९१९ साली भांडारकरमध्ये काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं, सत्तेचाळीस वर्षं, काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या शेजारी शेजारी ठेवून एकेक श्लोक ताडून बघायचा. आणि हे सगळं करायला हवं असं परिषदेत उभं राहून सांगणारा माणूस होता मोरित्झ विंटरनिट्झ, संस्कृतचा युरोपातला अभ्यासक, १८९७ ला, पॅरिसला. ह्या आवृत्तीचे संपादक सुखटणकर, त्यांच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत आत्याने हे नाव वाचलेलं. हे विंटरनिट्झ पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात शिकवायला गेले आणि १९३७ ला प्रागलाच वारले.

आत्याचा व्हिसा आला तेव्हा तिने फोनवर एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "मला बाकी काही नको गं, तू दाखवशील ते बघेन. ते विद्यापीठ तेवढं दाखव." मी म्हटलं हो, त्यात काय.

आणि मी शीट बनवली. दर अर्ध्या तासाची एक ओळ, कुठली ट्राम, कुठे चालायचं, कुठे टॉयलेट आहे, कुठे शाकाहारी मिळेल, सगळं. विद्यापीठाला मी सगळ्यात शेवटची ओळ दिली. त्या ओळीत वेळेच्या रकान्यात मी लिहिलं होतं "वेळ मिळाल्यास".

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. शनिवारी सकाळी आधी ते खगोलीय घड्याळ, १४१० सालचं, तासाच्या ठोक्याला वर दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित एकामागून एक जातात, शेवटी कोंबडा आरवतो, सगळं मिळून मिनिटभरही नाही. ठोके पडले, लोक पांगले, आणि आत्या तिथेच उभी. ती प्रेषितांकडे बघतच नव्हती, ती खिडक्यांच्या खालची घड्याळाची तबकडी वाचत होती. त्यावर राशींचं चक्र आहे, सूर्याचा काटा त्यावर फिरतो. मला म्हणाली, "बघ, ह्यांचा सूर्य तूळेत आहे. आपल्या पंचांगात अजून कन्येत." आणि मग अयनांश म्हणजे काय, हा चोवीस अंशांचा फरक का पडतो, हे ती सांगायला लागली, रस्त्यात, बोटाने हवेत वर्तुळ काढून, जसं वर्गात सांगत असेल तसं. मी म्हटलं, "आत्या चल, उशीर होतोय."

त्यानंतर ज्यू वस्ती. दार बंद. मी मोबाईल काढून शोधायला लागले आणि आत्या म्हणाली, "शनिवार ना आज, शब्बाथ असेल त्यांचा, विश्रांतीचा वार." तिला न शोधता कळलं. मला तीन आठवडे शीट करताना कळलं नव्हतं.

तर इथे दीड तास मोकळा झाला. शीटमध्ये भोक पडलं. आत्याने विचारलं, "मग आता ते विद्यापीठ बघायचं का? इथेच कुठेतरी आहे ना?" इथेच होतं. कारोलिनम, विद्यापीठाची सगळ्यात जुनी इमारत, जुन्या शहराच्या चौकातून झेलेझ्ना नावाच्या गल्लीत शिरलं की दोन-तीन मिनिटं. मी म्हटलं, उद्या परत येताना बघू, आता बोटीचं तिकीट मिळतंय तर ते करून घेऊ. का म्हटलं? मी हे खूप वेळा आठवून बघितलंय. मला वाटतं बंद दारासमोर उभं राहिल्याचा मला राग आला होता आणि त्या जागी काहीतरी मोठं, फोटो काढण्यासारखं भरायचं होतं. बोट छान होती. आत्याने बोटीत मला एकदाही आठवण करून दिली नाही.

रविवारी किल्ला. साडेदहाला कॅथेड्रलपाशी पोचलो तर बाराशिवाय आत सोडणार नाहीत. १३४४ ला पाया घातला आणि १९२९ ला पुरं झालं असं ते बांधकाम, ते न बघता कसं जायचं. मधल्या वेळात जुना राजवाडा बघितला, १६१८ ला ज्या खिडकीतून तिघांना खाली फेकलं आणि त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं ती खिडकी बघितली. मग बाराची रांग. आत्या एका दगडी कठड्यावर बसून राहिली, गुडघ्यावर हात फिरवत. कॅथेड्रल झालं, मी आणलेल्या दशम्या एका बाकावर बसून खाल्ल्या, ट्रामने खाली आलो आणि नारोद्नी त्रिदाच्या स्टॉपवर उतरलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. गाडी साडेचारला.

आत्याने तेव्हा परत विचारलं. तेही असं, "जमेल का गं?" आणि मी म्हटलं, "आत्या, ते विद्यापीठ आता राहिलेलंच नाहीये. पंचेचाळीसला बंद झालं. तिथे आता फक्त एक दार आहे."

ती म्हणाली, "बरं."

मी जे बोलले ते खोटं नव्हतं हे मला आजही म्हणायचं आहे. १८८२ ला त्या विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, एक झेक, एक जर्मन, आणि जर्मन तुकडा १९४५ ला संपला. विंटरनिट्झ ज्या विद्यापीठात होते ते आज अस्तित्वात नाही. मी सगळं वाचून ठेवलेलं होतं, तिला दाखवायला म्हणूनच वाचलेलं होतं, आणि तेच मी तिला नाही म्हणायला वापरलं.

आणि वेळ होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरी नवऱ्यालाही "वेळच उरला नाही" असंच सांगितलं. त्या स्टॉपवरून कारोलिनम चालत दहा-बारा मिनिटं, आत्याच्या चालीने वीस धरा. तिथून स्टेशन अजून वीस. सव्वातीन ते साडेचार, पाच मिनिटं थांबूनसुद्धा आम्ही आरामात पोचलो असतो. पण शीटमध्ये मी लिहिलं होतं की गाडीच्या पाऊण तास आधी स्टेशनवर, आणि खरं सांगायचं तर मला ते सगळं संपवायचं होतं. दोन दिवस मी त्या म्हाताऱ्या बाईला धावडवत होते आणि मीच दमले होते. आम्ही स्टेशनवर पन्नास मिनिटं बसून होतो. मी कॉफी प्यायले.

परत येताना गाडी नदीच्या काठाने येते, आधी व्ल्तावा, मग ती एल्बला मिळते आणि तीच एल्ब पुढे ड्रेस्डेनला येते. आत्या पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती. अंधार पडायच्या आधी तिने विचारलं, "हेच पाणी तुमच्याकडे येतं?" मी हो म्हटलं. मग आम्ही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय, आत्या काही रागावली नाही, ती आहे, बोलते, सगळं ठीक आहे. हेच माझ्या बाजूने मी मलाही खूपदा सांगितलंय. एकाहत्तर वर्षांच्या बाईला सुट्टी काढून फिरवलं, खर्च केला, घरी चार वर्षांची मुलगी सोडून गेले होते, कुठलीही भाची इतकं करत नाही. आणि परदेशात दोन दिवसांत प्लॅनशिवाय चालतच नाही, नुसतं भटकू म्हणणारे लोक अर्धा दिवस जेवायला कुठे जायचं ह्यावर घालवतात, ते मी बघितलंय. तेव्हाची मी हे सगळं मला आजही सांगते आणि तिचं पुष्कळसं बरोबर आहे. तिच्याशी भांडताना मी जिंकत नाही. फक्त ती शेवटची ओळ आली की ती गप्प होते.

कारण पुढे काय झालं तर परत आल्यावर मी शीट दुरुस्त केली. शनिवार काढला, रविवार काढला, गुरुवार-शुक्रवार केलं, वेळा बदलल्या. आणि मैत्रिणीने मागितली तेव्हा पाठवण्याआधी ती शेवटची ओळ डिलीट केली. म्हटलं, बाकीच्यांना काय करायचंय विंटरनिट्झशी. ती जी शीट तुम्ही सगळे मागता, "एकदम परफेक्ट आहे" म्हणता, ती त्या ओळीशिवायची आहे. ज्या एका गोष्टीसाठी ती बनली होती तेवढीच तिच्यात नाही. आणि प्रत्येक वेळी ती कुणाला पाठवताना मला वाटायचं की त्यांच्याबरोबरही कुणीतरी असेल, ज्याने फोनवर एकच गोष्ट मागितली असेल, आणि माझी शीट बघून तेही म्हणतील की वेळ मिळाल्यास बघू.

गेल्या मार्चमध्ये मी एकटी गेले. एका दिवसासाठी, काही न ठरवता. घड्याळापासून चालत निघाले आणि मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटं लागली. १३४८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, आणि त्या इमारतीला एक जुनी दगडी गवाक्षासारखी खिडकी आहे, भिंतीबाहेर आलेली, कोरीव, चौदाव्या शतकातली. शेजारीच ते थिएटर, जिथे १७८७ ला मोझार्टने स्वतःचा ऑपेरा पहिल्यांदा वाजवला. बाकी दार, पाटी, एक सायकल. मी जे आत्याला सांगितलं होतं ते जवळपास बरोबरच निघालं, बघण्यासारखं फार नव्हतं. मी तिथे अर्धा तास उभी होते. तिने काय केलं असतं हे मी ठरवायचा प्रयत्न करत होते. कदाचित हात जोडले असते, पोथीला जोडते तसे. कदाचित नुसतं "बरं" म्हणाली असती आणि चल म्हणाली असती.

फोटो काढला. तो अजून तिला पाठवलेला नाही. पाठवला तर तिला दिसेल की ते किती जवळ होतं.

आणि मागच्या रविवारी आत्याचा फोन आला. शेजारच्या काकूंची मुलगी नवऱ्याबरोबर युरोपला चालली आहे, प्रागला दोन दिवस. आत्या म्हणाली, "तुझा तो तक्ता तिला पाठव गं. फार छान केला होतास. मी सांगितलंय तिला, माझ्या भाचीने मला सगळं दाखवलं."

मी हो म्हटलं. शीट उघडून ठेवली आहे, शेवटी एक ओळ रिकामी घातली आहे, आणि तिच्यात वेळ कुठली लिहायची ते ठरत नाहीये.