कडून सप्रेम

'काका, कुणाशी बोलत होतात?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. कधी शेजारची मुलगी विचारते, कधी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी. स्वयंपाकघरात तेव्हा मी एकटाच असतो. पुढचा प्रश्नही ठरलेला: 'तुम्हाला खरंच वाटतं, वस्तूंना मन असतं म्हणून?' दरवेळी मी हसून वेळ मारून नेतो. पण मध्यंतरी सुनेनं जरा काळजीच्याच सुरात विचारलं, तेव्हा म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

तर बहुतेक वेळा मी कुकरशी बोलत असतो. त्यानं तिसरी शिट्टी दिली की मी 'हो हो, ऐकलं, येतोय' म्हणतो. निवृत्त झाल्यापासून सकाळचा कुकर माझ्याकडे आहे. रोज जो हाक मारतो त्याला ओ द्यायची नाही, हे मला जमत नाही.

वस्तूंना मन असतं असा माझा दावा नाही. बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत, तेवढं कळतं. पण मी बोलतो मराठी, त्याला काय करू? दार कुरकुरतं आणि माणूसही कुरकुरतो. फुलका फुगतो, बायकोही फुगते. (हे तिनं वाचलं तर मोहरीसारखी तडतडेल.) दूध बुडाला लागतं, बोलणं मनाला लागतं. इतकी क्रियापदं सामायिक खात्यात ठेवायची आणि भावना मात्र आपल्या एकट्याच्या नावावर, हा हिशेब मला जुळत नाही.

आता कुकरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळे त्याच्या शिट्टीचं कौतुक करतात. माझा जीव अडकलाय तो झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये. करंगळीच्या नखाएवढा तो. आत पाणी १२० अंशांच्या आसपास खदखदत असतं, शेजारी शिट्टी नाचत असते, आणि हा गप्प. त्याच्या पोटात लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. वाफेची वाट तुंबली, कुकर नको तितका तापला, की तो ठिपका वितळतो आणि वाफेला दार उघडून देतो. म्हणजे वर्षानुवर्षं नुसतं बसून राहायचं आणि एकदाच कामाला यायचं, तेही स्वतः संपून.

आमच्याकडे तो दिवस हिरव्या मुगाच्या पायी आला. मी मूग जरा सढळ हातानं घातले होते, त्यांची सालं वाफेच्या नळीत जाऊन बसली. शिट्टी होईना. मी आपला पेपर वाचतोय. मग फुस्सकन आवाज झाला आणि छताला हिरवी नक्षी. दुरुस्तीवाल्यानं दोन मिनिटांत नवा व्हॉल्व्ह बसवला आणि जुना डब्यात टाकायला निघाला. मी तो मागून घेतला, खिशात घालून घरी आणला. सुपारीच्या डबीत आहे अजून. बायकोनं विचारलं, 'आता याचं वर्षश्राद्ध घालणार का?'

पण या खुळाची सुरुवात माझ्यापासून झालेली नाही, हे सुनेला मुद्दाम सांगायचंय. माझ्या बारशाला पाळण्यात माझ्याआधी वरवंटा निजला होता. त्याला न्हाऊमाखू घालून, कुंची बांधून बायकांनी पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत एकमेकींच्या हातात दिला, आणि मग माझा नंबर. तोच वरवंटा गेल्या वर्षी नातीच्या बारशाला पुन्हा बाळ झाला. एरवी तो गॅलरीत असतो. मिक्सर आल्यापासून त्याला चटणीचं काम नाही, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दाराला टेकवून ठेवलेला असतो. त्या दिवशी मात्र सुनेनंच त्याच्या दगडी कपाळाला तीट लावली आणि पडू नये म्हणून खाली हात धरला. दोन तासांनी कुंची सोडली आणि स्वारी परत दाराशी. त्याला काय वाटलं असेल, हे विचारणारा मी खुळा, आणि दगडाला तीट लावणारी ती शहाणी?

केरसुणीचंही तेच. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू, बाकी वर्षभर दारामागचा कोपरा. पण तिला चुकून पाय लागला तर आम्ही अजून नमस्कार करतो. मिक्सरला पाय लागला तर कुणी करत नाही. (लागलाच, तर तो ओट्यावरून खाली कसा आला याची चौकशी होते.)

राहता राहिली ती वाटी.

डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात जायला भांडी बांधायला काढली. स्टीलच्या वाट्या एकात एक रचत होतो. एक काही केल्या नीट बसेना. काठ जरासा बाहेर येई आणि वरची चळत कलंडे. उलटी करून बघितली. पूर्वी भांड्यांच्या दुकानात ते छोटं मशीन किर्रर्र करत नाव घालायचं, तसं हिच्यावरही होतं, पण आमचं नव्हतं. नाव, आडनाव, तारीख सगळं घासून गेलेलं. वाचता येत होतं ते एवढंच: 'कडून सप्रेम'.

बायकोला आठवलं, पूर्वी शेजारी राहणाऱ्यांकडून हिच्यातून पुरण आलं होतं. वाटी रिकामी परत द्यायची नसते. म्हणून काहीतरी करू आणि देऊ, असं म्हणता म्हणता ते लोक घर विकून गेले. तेव्हापासून ही आमच्याकडे. रोज घासली, रोज पुसली, हिच्यात विरजण लावलं, कितीदा तरी हिच्यातून मी कोशिंबीर खाल्ली आणि एकदाही नाव वाचलं नाही. पाहुणी म्हणून आली, घरची म्हणून राबली आणि चळतीत मात्र बसू शकली नाही. मी तिला सॉरी म्हणालो. सुनेनं ऐकलं ते हेच.

भाड्याच्या घरात गेलो त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या. त्यांचा डबा परत द्यायचा तर त्यात घालायला घरात फक्त शेंगदाण्याची चटणी होती, आणि डबा पडला मोठा. बायको म्हणाली, चटणी वेगळी एखाद्या वाटीत दे. मी तीच वाटी घेतली, शिगोशीग भरली आणि डब्याबरोबर देऊन आलो.

दीड महिना झाला. बाई जिन्यात भेटतात, चटणी छान होती म्हणतात. वाटीचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही.