पावसाळ्यातला पिझ्झाचा गोळा

पिझ्झाच्या बऱ्याच कृती ‘कोमट पाण्यात यीस्ट घाला’ इथून सुरू होतात. ज्या देशात स्वयंपाकघर २० अंशांवर असतं, तिथे ते ठीक. रत्नागिरी-मालवणकडे जुलैत डब्यातला मैदाच ३० अंशांवर असतो. त्यात कोमट पाणी आणि परदेशी कृतीतलं ७ ग्रॅमचं अख्खं पाकीट गेलं, की पाऊण तासात पीठ पातेल्याबाहेर येतं. मग ते ढिलं पडतं, आंबूस वास मारतं आणि कितीही भाजलं तरी पांढरटच राहतं, कारण रंग आणणारी साखर यीस्टने आधीच खाल्लेली असते.

आपल्याकडे चार पिझ्झ्यांसाठी हे प्रमाण जमतं: मैदा ५०० ग्रॅम, पाणी २८५, बारीक मीठ १०, तेल १०, साखर ५ आणि इन्स्टंट यीस्ट दीड ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. डिसेंबर-जानेवारीत पाणी ३०० पर्यंत न्या. पावसात मैद्याने हवेतला ओलावा आधीच ओढलेला असतो. पाकिटामागे प्रथिनं बघा. १०० ग्रॅमला १० च्या खाली असतील तर तो मैदा नानकटाईला ठेवा.

खरी मेख पाण्याच्या तापमानात आहे. मळून झाल्यावर पीठ २५ अंशांच्या आसपास हवं. पिठाचं तापमान खोली, मैदा आणि पाणी या तिघांवर ठरतं, म्हणून २५ ची तिप्पट ७५. त्यातून खोलीचे ३० आणि मैद्याचे ३० वजा केले की उरले १५. मळताना हाताची ऊब दोन-तीन अंश चढवते, म्हणून पाणी १२ अंशांचं घ्या. फ्रिजच्या दारातल्या बाटलीचं पाणी सहसा याहूनही थोडं गारच असतं. इन्स्टंट यीस्ट कोरड्या मैद्यातच मिसळा, नाहीतर गार पाण्यात त्याच्या गुठळ्या होतात. जाडं मीठ वापरणार असाल तर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा.

पीठ नुसतं एकत्र करून २० मिनिटं झाकून ठेवा, मग तेल घालून १० मिनिटं तिंबा. चिकटतंय म्हणून वरून मैदा ओतायचा मोह टाळा. पाचव्या मिनिटाला ते आपोआप हात सोडू लागतं. झालं की नाही हे बघायला सुपारीएवढा तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी हळूहळू ताणा. उजेडाकडे धरल्यावर पडद्यासारखा पातळ होऊन पलीकडचं बोट अंधुक दिसलं, तर बस. त्याआधीच फाटला, तर आणखी तीन मिनिटं तिंबा.

२००-२०० ग्रॅमचे गोळे करून, तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यांत घाला आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. २४ तासांनी चव खुलते, ४८ पर्यंत चालतं. वादळात लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, चारेक तास थंडावा टिकतो. त्याच दिवशी हवा असेल तर बाहेर तीनेक तासांत गोळा दुप्पट होईल, पण चव पावाची येईल.

फ्रिजमधून काढल्यावर तासभर बाहेर ठेवा. थापताना गोळा आक्रसून मागे येत असेल तर त्याच्याशी भांडू नका, १५ मिनिटं झाकून ठेवा. लाटणं नकोच, कडेची हवा निघून जाते. खाली भुरभुरायला मैद्यापेक्षा तांदळाचं पीठ बरं: ते ओल लवकर धरत नाही, त्यामुळे पिझ्झा ट्रेवर सुटा सरकतो.

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) २५० अंशांवर, ट्रे उपडा आत ठेवून, अर्धा तास तापवा. पिझ्झा ८ ते १० मिनिटांत होतो. मध्यभाग ओला राहिला तर दोष सहसा पिठाचा नसतो, टोमॅटोचा असतो. सॉस दोन मोठे चमचेच, आणि आटवलेला.

ओटीजी नसेल तर घावनांचा बिडाचा तवा काढा. मध्यम आचेवर ५-६ मिनिटं तापवून कोरडी चकती टाका. वर बुडबुडे आले की उलटा, भाजलेल्या बाजूवर सॉस-चीज लावा, आच मंद करा आणि झाकण ठेवा. चीज ३-४ मिनिटांत वितळतं. झाकणाला जमलेलं पाणी मात्र मध्येच एकदा पुसा, नाहीतर ते थेंब थेंब चीजवरच पडतं.