हळू पळण्याची विद्या

पळायला कुणी शिकवावं लागत नाही. हळू पळायला मात्र शिकावं लागतं, आणि तेही महिनोन्‌महिने. मॅरेथॉनची तयारी सुरू केली तेव्हा मला वाटलं, आता आपला दम निघणार. हातात वेळापत्रक आलं, तर त्यात आठवड्यातल्या बहुतेक दिवसांपुढे एकच शब्द: इझी. इझी म्हणजे नक्की किती, असं प्रशिक्षकांना विचारलं. ते म्हणाले, "पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. वाक्य मध्येच तुटायला लागलं की समजायचं, वेग जास्त झाला." शेजारी कुणी नसतं तेव्हा मी स्वतःशीच मोठ्यानं बोलून बघते. रस्त्यावरची माणसं वळून पाहतात. पाहू देत.

हे हळू पळणं अंगाला सोपं आणि मनाला महाकठीण. मागून पावलांचा आवाज येतो, वडिलांच्या वयाचे कुणी गृहस्थ हसून हात हलवतात आणि पुढे निघून जातात. आपले पाय न सांगता जोर धरतात. मनगटावरचं घड्याळ टुणटुण करायला लागतं, आणि त्या क्षणी ते घड्याळ काढून फेकावंसं वाटतं. शिवाय हल्ली प्रत्येक धाव अ‍ॅपवर सगळ्यांना दिसते. किलोमीटरला आठ मिनिटं हा आकडा तिथे उमटला की त्याखाली 'आज मुद्दाम हळू' असं लिहायचा जो मोह होतो, तो आवरणं मला कुठल्याही लाँग रनपेक्षा, म्हणजे सरावातल्या लांब धावेपेक्षा, अवघड गेलं आहे. बऱ्याच जणांना तो आवरत नाही, हे त्याच अ‍ॅपवर दिसतं.

मुद्दाम हळू का, याचं उत्तर शरीराच्या हिशेबात आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, रूपात जी शिदोरी असते, ती ढोबळमानानं दोन हजार कॅलरींच्या आसपास. पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक कॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला मॅरेथॉनच्या बेचाळीस किलोमीटरसाठी अडीच हजारांच्या वर. वजाबाकी करून बघितली की तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे पळणाऱ्यांची ती कुप्रसिद्ध 'वॉल', म्हणजे शिदोरी संपून पाय पुढे उचलेनासे होण्याची भिंत, का उभी राहते, ते कळतं. शरीरात चरबी भरपूर असते, पण ती सावकाश जळते. जितकं जोरात पळाल तितकं ग्लायकोजेन जास्त खर्च होतं. संथ धावांनी स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि शरीर चरबीवर जास्त विसंबायला शिकतं. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध त्यांच्या कितीतरी मागे असतात. दम आहे म्हणून अंतर वाढवत सुटणाऱ्यांची नडगी दुखते ती यामुळेच.

म्हणूनच मॅरेथॉनचं अर्धं अंतर एकविसाव्या किलोमीटरला होतं, हे फक्त कागदावर खरं. पळणारी माणसं बत्तिसाव्याला निम्मं झालं असं म्हणतात. उरतात ते दहा किलोमीटर आणि वर ते आगाऊ १९५ मीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसर कॅसलपासून सुरू होऊन स्टेडियममध्ये शाही आसनासमोर संपली, त्यातून ४२.१९५ हे अंतर आलं, आणि १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं. १९०८ च्या त्या शर्यतीत इटलीचा धावपटू दोरांदो पिएत्री पहिला स्टेडियममध्ये शिरला, चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला. पंचांनी आधार देऊन रेषा पार करवली आणि त्याच आधारापायी तो बाद ठरला. चाळिसाव्या किलोमीटरनंतर हे १९५ मीटर कुणामुळे वाढले, याचा विचार मी फार आदरानं करत नाही.

वेगवान माणसांचा हेवा करावा, पण बेतानं. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमनं २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. मैदानाची चारशे मीटरची एक फेरी ६९ सेकंदांच्या आत, आणि अशा शंभरावर फेऱ्या सलग. मला त्या वेगानं एक फेरीसुद्धा झेपणार नाही. तो पोचला असता तेव्हा मी सतराव्या किलोमीटरच्या आसपास पाण्याचं टेबल शोधत असते.

माझं दैवत वेगळंच आहे. जपानचे शिझो कानाकुरी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये कडक उन्हानं हैराण होऊन वाटेतच थांबले आणि कुणाला न सांगता मायदेशी परतले. स्वीडनच्या लेखी ते बेपत्ताच. पुढे १९६७ मध्ये त्यांना सन्मानानं बोलावून शर्यत पूर्ण करायला लावली. नोंद झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास-मिनिटं. वाटेत लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, असं ते म्हणाल्याचं सांगतात. कटऑफची, म्हणजे शर्यत संपवायची मुदत हुकण्याची, भीती वाटायला लागली की मी त्यांचं स्मरण करते.

हळू पळणाऱ्यांचा एक धोका मात्र फारसा बोलला जात नाही. आम्ही रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून पाण्याची टेबलंही जास्त निवांतपणे भेटतात. प्रत्येक ठिकाणी घटाघटा पीत गेलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तेवढंच प्यावं.

शर्यतीआधीचे शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरचे. अंतर कमी करायचं, आराम करायचा. एरवी आरामासाठी आसुसलेली मी या दिवसांत घरात येरझाऱ्या घालते आणि कधीही न दुखलेला घोटा दुखायला लागतो. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, हातात आलं की तो बरा होतो.

आणि शर्यतीच्या सकाळी पहिले पाच किलोमीटर सगळं जग आपल्याला ओलांडून जातं. ढोल, टाळ्या, ताजे पाय; अशात किलोमीटरला सात मिनिटं धरून राहायचं म्हणजे स्वतःची कॉलर स्वतःच पकडून ठेवायची. ठरलेल्या वेगानं पळून इतरांना वेग धरून देणाऱ्या पेसरच्या फुग्यावर मी नजर लावून बसते. तिसाव्या किलोमीटरनंतर मात्र रस्त्याच्या कडेला चालणारे, वाकून पोटऱ्या चोळणारे चेहरे दिसू लागतात. त्यातले काही सकाळचे ओळखीचे असतात. मोठ्या मनानं "चला, थोडंच राहिलं" म्हणायचं असतं, आणि मी म्हणतेही. थोडंच राहिलेलं नसतं, हे दोघांनाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी जिना उलटा, कठड्याला धरून उतरत होते. ऑफिसमधल्या सहकाऱ्यानं विचारलं, "कितवी आलीस?" मी चार आकडी क्रमांक सांगितला. त्याचा चेहरा पडला. मग त्यानं एकूण किती जण पळाले ते विचारलं, मनात वजाबाकी केली आणि खुलून म्हणाला, "अरे, म्हणजे तुझ्या मागेही बरेच होते की!"

होते ना.