स्टॉकच्या पत्त्यात ‘एस’ कुठून आला?

आयबीएम १४०१ हे संगणक-यंत्र १९५९ मध्ये जाहीर झालं. साठच्या दशकात मुंबईतल्या काही मोठ्या कंपन्यांमध्ये पगारपत्रकं, बिलं आणि स्टॉकच्या, म्हणजे शिल्लक मालाच्या, याद्या त्याच्यावरच निघायच्या. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. आज चालू १४०१ बघायचं तर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला, कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये जाता येतं. स्वयंसेवकांनी तिथे दोन यंत्रं दुरुस्त करून चालू ठेवली आहेत. बाकीच्यांनी सिम्युलेटर वापरायचा, म्हणजे आजच्या संगणकावर त्या यंत्राची प्रत्येक सूचना जशीच्या तशी पार पाडणारा प्रोग्राम. पुण्यात आमचा छोटा गट हेच काम करतो, आणि ते मला मनापासून आवडतं.

मुंबईतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेल्या प्रोग्रामर काकांनी आम्हाला पंचकार्डांचा, म्हणजे भोकं पाडून माहिती नोंदवलेल्या जाड कागदी कार्डांचा, एक गठ्ठा दिला होता. त्यात स्टॉकचा प्रोग्राम आणि त्याचा डेटा होता. मुंबईच्या दमट हवेने कार्डं वाकली होती, कडा फुगल्या होत्या. ती रीडरमध्ये घालणं धोक्याचं होतं. म्हणून एकेका कार्डाचा फोटो काढून त्यावरून भोकं वाचली. काकांनी त्या काळची एक छापील यादीही जपून ठेवली होती. आमच्या सिम्युलेटरवर निघालेली यादी तिच्याशी ओळीनओळ जुळली तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

काका ज्या दिवशी ते बघायला येणार होते, त्या दिवशी सकाळी आमच्या गटातली नवी मुलगी स्क्रीनसमोर थबकून बसली होती. प्रोग्राम मध्येच थांबवून तिने मेमरी छापून घेतली होती. एका जागी नुसते आकडे असायला हवे होते, तिथे ‘एस३९’ आलं होतं.

“साधी बेरीज आहे,” ती म्हणाली. “२१९ मध्ये २० मिळवले तर २३९ यायला हवेत. इथे अक्षर येतंय. यादी बरोबर आली ती नशिबाने, सर. बेरजेत कुठेतरी घोळ आहे.”

शंका रास्त होती. तिने सिम्युलेटरच्या कोडच्या वेगळ्या प्रतीत बेरजेच्या उत्तरातून आकड्याशिवायचं सगळं काढून टाकलं आणि प्रोग्राम परत चालवला. यादीच्या सुरुवातीच्या ओळी ठीक आल्या. मग ओळींच्या मधोमध भलतेच आकडे दिसायला लागले, आणि थोड्या वेळाने यंत्र, म्हणजे त्याची आमची नक्कल, चूक दाखवून थांबलं.

इथे १४०१ ची रचना सांगायला हवी, कारण सगळी गंमत तिच्यातच आहे. काकांच्या यंत्राची मेमरी ४,००० अक्षरांची. हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही. त्यातल्याही १ ते ८० या जागा कार्ड वाचायला, १०१ ते १८० कार्ड पंच करायला आणि २०१ ते ३३२ छपाईच्या ओळीला ठरलेल्या. काकांचा प्रोग्राम ३३३ पासून सुरू होत होता आणि त्याच्या पुढे स्टॉकचा तक्ता होता, दर नोंदीला २० जागा. पत्ता मात्र तीनच अक्षरांचा. मग ९९९ च्या पुढे कसं जायचं? पत्त्यातल्या शतकाच्या अक्षरावर झोनचे दोन बिट, म्हणजे अंकाशिवायच्या दोन जादा खुणा, असतात. एक लागला की हजार, दुसरा लागला की दोन हजार, दोन्ही लागले की तीन हजार. २ वर हजाराचा बिट लागला की ते अक्षर एस होतं. म्हणजे ‘एस३९’ हा १२३९ हा पत्ता होता.

तिने तो बिट पुसल्यावर ९९९ नंतर १०१९ ऐवजी १९ आला आणि तक्ता मेमरीच्या तोंडाशी येऊन पडला. तिथे पुढचं कार्ड वाचलं की सगळं झाकलं जायचं, म्हणून आधी काही कळलं नाही. अकरावी नोंद २१९ वर पडली, म्हणजे छपाईच्या ओळीत. सतरावी ३३९ वर, थेट प्रोग्रामच्या अंगावर.

पण साध्या बेरजेने तो बिट लावलाच कसा? आयबीएमच्या मॅन्युअलमध्ये उत्तर सापडलं: बेरजेत डावीकडून हातचा बाहेर पडला, तर यंत्र तो सर्वांत डावीकडच्या अक्षराच्या झोनमध्ये नोंदवतं. आमचा सिम्युलेटर तेच करत होता.

काका दुपारी आले. स्क्रीनवरचं ‘एस३९’ बघून ते हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

“अगं, पत्ता वाढवायची वेगळी सूचना आमच्या यंत्रावर नव्हतीच. मोठ्या मेमरीच्या यंत्रांना होती. आम्ही बेरजेवरच भागवायचो. हातचा आपोआप हजाराच्या घरात जातो, बघ.”

तिने मग वहीत लिहून ठेवलेली दुसरी शंका काढली. त्या बेरजेच्या लगेच खाली एक विचित्र सूचना होती: ओव्हरफ्लो झाला असेल, म्हणजे हातचा बाहेर पडला असेल, तर उडी मार, आणि उडी कुठे, तर पुढच्याच सूचनेवर. उडी मारली काय नि न मारली काय, जायचं तिथेच. तिने तिच्यापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा मारला होता.

काकांनी चष्मा वर केला. “ती काढू नकोस हं. हातचा पडला की ओव्हरफ्लोचा इंडिकेटर, म्हणजे यंत्रातली तशी खूण, पण लागतो. तो तपासल्याशिवाय उतरत नाही. खाली मालाची खरी बेरीज होते, तिथे आम्ही ओव्हरफ्लो तपासायचो. इथे उतरवला नाही तर तिथे उगाच बोंब. नुसता उतरवायला ती ओळ आहे.”

मॅन्युअलमध्ये दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पानांवर आहेत. इंडिकेटर तपासला की उतरतो, एवढं तिथे मिळतं. पण कुणीतरी स्टॉकच्या प्रोग्रामात एक ओळ फक्त त्यासाठी खर्च केली, हे सांगायला ती लिहिणारा माणूसच समोर असावा लागतो. काका आज ऐंशीच्या पुढे आहेत. प्रोग्रामच्या छापील प्रतीवर त्या ओळीशेजारी त्यांचं बोलणं मी तारखेसकट लिहून ठेवलं. अशी टिपणं आम्ही आता सिम्युलेटरच्या कोडइतकीच जपतो, आणि माझ्या मते त्यांची निकड जास्त आहे. कोड पुढच्या वर्षीही लिहिता येईल.

तिने संध्याकाळपर्यंत बेरजेच्या चाचण्या लिहून काढल्या. पहिल्या ओव्हरफ्लोला एक बिट, दुसऱ्याला दुसरा, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला परत कोरं. आणि दर वेळी इंडिकेटर लागतो का, तपासल्यावर उतरतो का. सिम्युलेटरमध्ये कुणीही काही बदललं की आता आधी या चाचण्या चालतात. काकांकडे अजून एक खोकं आहे, पगाराच्या प्रोग्रामचं. त्याला चुंबकीय टेप लागते, म्हणून सध्या आम्ही ७२९ टेप युनिटच्या नकलेला हात घातला आहे.